प्रज्ञावान मुलांच्या निवासी शिबिरात ताई-दादा व्हायचंय? नागपूरच्या उन्हासकट तयारी

मे महिन्यात नागपुरातली वसतिगृहं रिकामी होतात, आणि त्यांतल्या काहींत दहा-पंधरा दिवसांसाठी सहावी ते दहावीची निवडक मुलं राहायला येतात. कुणी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतलं, कुणी ऑलिम्पियाडची तयारी करणारं, कुणी शिष्यवृत्तीच्या यादीत आलेलं, तर कुणाला गावातल्या सरांनीच ‘याला इथे पुरत नाही’ म्हणून पाठवलेलं. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ येतात आणि चार-पाच तासांत जातात. उरलेले एकोणीस-वीस तास ताई-दादांकडे असतात. हा लेख त्या तासांबद्दल आहे.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण गणिताची पुस्तकं घासूनपुसून जातात. शिबिर बिघडतं ते मात्र झोप, पाणी, फोन आणि ‘माझा नंबर का नाही आला’ यांवर. या मुलांचं गणित दहावीचं असू शकतं, भांडण चौथीचं असू शकतं, आणि वय असतं अकरा. तुम्हाला अकरा वर्षांच्या मुलाला सांभाळायचं आहे, हे धरून चला.

१. काम नेमकं काय, ते आधी समजून घ्या

माहितीपत्रकात ‘काउन्सेलर’ असं छापलेलं असतं. ते वाचून काही जण समजतात की मानसशास्त्राची पदवी लागते, आणि काही जण मुलांना बसवून सल्ले द्यायला लागतात. दोन्ही चूक. इथला काउन्सेलर म्हणजे गटाची ताई किंवा दादा: उठवणारा, मोजणारा, खेळवणारा, ऐकणारा आणि रात्री शेवटी झोपणारा.

एका ताई-दादाकडे किती मुलं, हा पहिला प्रश्न विचारा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचा निवासी शिबिरांचा दंडक ९ ते १४ वर्षांच्या ८ मुलांमागे एक आणि १५ ते १८ वर्षांच्या १० मुलांमागे एक असा आहे. आपल्याकडे १० पर्यंत जमतं. ‘पंधरा-सोळा असतील, पण मुलं हुशार आहेत, त्रास देत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाने या मुलांसोबत एकही रात्र काढलेली नाही, असं खुशाल समजा.

२. अर्ज, मुलाखत आणि कागदपत्रं

शिबिरं मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असतात, कारण विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. माणसांची जुळवाजुळव फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते. तुमच्या विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा मेमध्ये लांबत असेल तर अर्जातच लिहा. ऐनवेळी दोन दिवस पेपरला जाणारा दादा गटाला परवडत नाही.

लागणारी कागदपत्रं:

- आधार कार्ड आणि पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- कॉलेजचं बोनाफाइड किंवा नोकरीचं ओळखपत्र
- पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र
- तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं आणि नंबर (नातेवाईक चालत नाहीत)
- मानधनासाठी बँक पासबुकची प्रत आणि पॅन
- प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असल्यास ते. रेडक्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स हे वर्ग घेतात, आणि ते करून गेलेलं बरं

चारित्र्य पडताळणीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. सध्याचा पत्ता आणि आधारवरचा पत्ता वेगळा असला की चौकशी दोन ठाण्यांत फिरते आणि वेळ जातो. खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांची गाडी इथेच अडते. आणि एखादं शिबिर हे प्रमाणपत्र मागतच नसेल, तर ती सवलत नव्हे. इतर ताई-दादांचंही त्यांनी काही तपासलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: ‘मुलगा म्हणाला की तुम्ही चुकीचं सांगताय, तर?’ याचं उत्तर पाठ करू नका, पुढे आठवा मुद्दा वाचा. तुम्हीही विचारा: मानधन किती, कधी मिळणार, प्रशिक्षणाचे दिवस त्यात धरलेत का, रात्री दवाखान्यात न्यायला गाडी आवारात उभी असते का, आठवड्यातून अर्धा दिवस सुटी आहे का. उत्तरं तोंडी घेऊ नका, नेमणुकीच्या पत्रावर मागा.

३. पेटीत काय भरायचं

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, फिके. डोक्याला पांढरा दुपट्टा. मनगटी घड्याळ, कारण मुलांसमोर फोन काढायचा नसतो. शिट्टी, टॉर्च, खिशात मावणारी वही आणि दोन पेनं. वही सगळ्यांत महत्त्वाची. कोणी किती जेवलं, कोण गप्प आहे, कुणाला कोणती गोळी किती वाजता दिली, सगळं तिच्यात.

खेळाच्या पिशवीत पत्त्यांचे दोन कॅट, बुद्धिबळ, सुतळीचा गुंडा, मोजपट्टी, रिकाम्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि अर्धा किलो चिंचोके. चिंचोक्यांचं काय करायचं ते खाली येईल.

ताईंच्या पेटीत सॅनिटरी पॅड जास्तीचे हवेत, आणि एखादा गडद रंगाचा सलवारही. सहावी-सातवीच्या मुलींपैकी एखादीला पहिली पाळी शिबिरातच येते. त्या वेळी ‘थांब, बाजारातून आणते’ म्हणायची पाळी तुमच्यावर येऊ नये.

४. मुलं येण्याआधीचा दिवस: इमारत फिरा

वसतिगृह महिनाभर बंद होतं, हे लक्षात ठेवून फिरा. नळ सोडून पाहा, संडासांच्या कड्या लावून पाहा, गच्चीच्या दाराला कुलूप आहे ना ते पाहा. गाद्या उचलून झटका. विंचू उन्हाळ्यात थंडावा शोधत बुटांत आणि पायपुसण्याखाली शिरतात, तेव्हा ‘बूट झटकून घालायचे’ हा नियम पहिल्याच दिवशी सांगायचा.

आता कूलर. नागपुरात कूलरशिवाय मे निघत नाही, आणि या शिबिरात सर्वांत धोकादायक वस्तूही तीच. पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी, ओले अनवाणी पाय आणि खराब अर्थिंग, एवढं एकत्र आलं की शॉक जिवावर बेततो. म्हणून:

- इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक कूलरचं अर्थिंग तुमच्या समोर तपासून घ्या. शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बोर्डावर आहे का, विचारा.
- पाणी भरताना नुसतं बटन बंद करून भागत नाही. प्लग काढायचा. भरणारा मोठा माणूस, पायात रबरी चप्पल.
- कूलरला मुलांनी हात लावायचा नाही. ‘पंप कसा चालतो ते बघत होतो’ हे उत्तर या मुलांकडून येणारच. शक्य असेल तर एक जुना, वीज नसलेला कूलर उघडून एकदा दाखवूनच टाका. कुतूहल तिथे भागतं.
- समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर चालवला की हवा ओलसर होऊन घामच सुकत नाही, आणि मुलं म्हणतात कूलर बिघडला.
- आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूचा डास याच पाण्यात वाढतो.

दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही इतकं तापतं. आंघोळी सकाळी उरका. पिण्यासाठी मजल्यावर माठ किंवा कॅन असू द्या. तळमजल्यावरच पाणी असेल तर मुलं उतरायचा कंटाळा करतात आणि तहान मारतात.

५. आरोग्याचा फॉर्म वाचा, नुसता फाइलला लावू नका

तुमच्या गटातल्या प्रत्येक मुलाचा फॉर्म आल्याच्या दिवशी पालक समोर असतानाच वाचा. अॅलर्जी, दमा, फिट्स, चष्म्याचा नंबर, अंथरूण ओलं होण्याची सवय. शेवटचं पालक लाजून लिहीत नाहीत. बाजूला घेऊन विचारलं तर सांगतात, आणि मग जास्तीची चादर आधीच तयार ठेवता येते.

विदर्भात एक प्रश्न वेगळा विचारायचाच: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. वाहक असणं आणि आजार असणं यांत फरक आहे, तेव्हा ‘एएस (वाहक) की एसएस (आजार)’ असं स्पष्ट विचारा. एसएस मुलाला शरीरातलं पाणी कमी होणं, अतिश्रम आणि एकदम थंड पाण्यात उतरणं यांतून तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याची पाण्याची बाटली तुम्ही मोजायची, धावण्याच्या खेळात त्याला पंच किंवा गुणलेखक करायचं, आणि हातपाय, पाठ किंवा छाती दुखते म्हणाला की नाटक समजायचं नाही. ताप किंवा धाप सोबत असेल तर थेट दवाखाना.

मुलांची औषधं पाकिटात, नाव आणि वेळ लिहून, कुलपात. मुलाच्या बॅगेत एकही गोळी नको.

६. पहिले तीन दिवस

पहिली रात्र उत्साहात जाते. रडू येतं ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री, दिवे मालवल्यावर. त्या वेळी घरी फोन लावून दिला तर दोन्हीकडे रडारड होते आणि सकाळी वडील गाडी घेऊन दारात उभे राहतात. फोनची वेळ ठरवा: दर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या खेळाच्या अगदी आधी, दहा मिनिटं. फोन ठेवला की मूल सरळ मैदानात जातं. मधल्या दिवशी पत्र लिहू द्या. ‘दोन दिवस बघ, नाही करमलं तर नेतो’ असा करार बरेच पालक मुलाशी गुपचूप करून ठेवतात. मुलाला सोडायला आल्या दिवशीच त्यांना हे बोलू नका म्हणून सांगा. सुटकेची तारीख कळलेलं मूल शिबिरात रमत नाही, ते दिवस मोजतं.

गट पाडताना जिल्हे मिसळा, पण एकटं पाडू नका. गडचिरोलीचं किंवा मेळघाटातलं एकच मूल आठ शहरी मुलांत टाकण्यापेक्षा त्या भागातली दोन एका गटात ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं मूल पहिले तीन दिवस बोलतच नाही, कारण बाकीचे ‘फोटोसिंथेसिस’ म्हणतात आणि त्याला ‘प्रकाशसंश्लेषण’ माहीत असतं. तुम्ही स्वतः दोन्ही शब्द वापरायला लागलात की त्याचा हात वर येतो. मुंबई-पुण्याचं एखादं मूल ‘काय बे’ ऐकून तक्रार घेऊन येईल. त्याला सांगा, इथे ती दोस्ती आहे.

७. वेळापत्रक उन्हाच्या घड्याळावर

मेअखेरीस नागपुरात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, आणि नवतपात, म्हणजे २५ मे ते २ जूनच्या सुमारास, पारा ४५ अंशांवर जायला मागेपुढे पाहत नाही. म्हणून सकाळ लवकर आणि दुपार आत. चालणारी रचना अशी:

- ५:३० उठणं, ६ ते ८ मैदान किंवा बाहेरचं निरीक्षण
- ८:१५ नाश्ता, ९ ते १२ तासिका
- १२:३० जेवण, १:१५ ते २:३० विश्रांती, सक्तीची
- २:३० ते ५ आतलं काम: प्रयोग, वाचन, कोडी, शेवटची तासिका
- ६ ते ७:१५ मैदान, ८ जेवण, ८:४५ गटाची बैठक किंवा आकाशदर्शन, ९:३० दिवे बंद

संयोजकांना दुपारची झोप म्हणजे वाया गेलेला तास वाटतो आणि ते तिथे एखादं व्याख्यान घुसवतात. हिशेब मांडून दाखवा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. साडेनऊ ते साडेपाच होतात आठ. उरलेला तास दुपारीच मिळतो. तो काढून घेतला की चौथ्या दिवशी तापाची आणि मारामारीची रांग लागते.

नाश्त्याला तर्री-पोहे ठेवा, पण तर्री बेताची. सावजीचा हट्ट शेवटच्या रात्रीही नको, दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याचा हिशेब द्यावा लागतो. ताक, कैरीचं पन्हं, टरबूज भरपूर. टरबूज कापल्या कापल्या वाटायचं, कापून ठेवलेलं नाही. आणि पाणी ‘प्या रे’ म्हणून कुणी पीत नाही. दर तासाला शिट्टी, सगळ्यांनी बाटली वर करून दाखवायची, हे जमतं.

ऊन लागलं तर काय, हे पाठ हवं. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, भरपूर घाम: सावलीत निजवा, पाय उंच करा, ओआरएस घोट-घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका, जास्तीचं मीठ घातक. पण मूल बरळायला लागलं, अडखळलं, बेशुद्ध पडलं, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. १०८ ला फोन आणि त्याच मिनिटाला अंगावर पाणी ओतून पंख्याखाली, मान-काखा-जांघेत बर्फाच्या पिशव्या. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. गाडीची वाट पाहत नुसतं बसू नका. गार करणं हाच उपचार आहे. आजीने खिशात दिलेला कांदा असू द्या, त्याने काही बिघडत नाही, पण बाटली रिकामी असेल तर कांदा वाचवणार नाही.

८. ही मुलं वेगळी कुठे असतात

*पहिल्यांदा हरणं.* शाळेत कायम पहिलं असणारं मूल इथे अठ्ठाविसावं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट दुखतं, तासिका नको वाटते, ‘मला हे आवडतच नाही’ सुरू होतं. पोट खरंच दुखतंय का ते आधी बघा, मग शेजारी बसा. न जमण्याची त्याला सवयच नाही. भिंतीवर गुणांचे तक्ते लावू देऊ नका. आणि ‘अरे, तू तर हुशार ना, मग हे येत नाही?’ हे वाक्य थट्टेतही नको. त्या मुलाला आयुष्यभर याच वाक्याची भीती असते.

*सुरुवातच न करणं.* कोरा कागद घेऊन तासभर बसलेलं मूल आळशी नसतं. पहिली ओळ परिपूर्ण सुचत नाही म्हणून ते अडलेलं असतं. त्याला सांगा, पाच मिनिटांत याची मुद्दाम सगळ्यांत वाईट सोडवणूक करून दाखव. बहुधा हात सुटतो. पेन्सिल दडपून कागद फाटेपर्यंत खोडणारं मूल दिसलं तर खोडरबर काढून घ्या आणि पेन द्या.

*वाद.* अकरा वर्षांचा वकील तुमच्या प्रत्येक नियमात पळवाट काढेल. नियम कमी ठेवा, प्रत्येकाचं कारण सांगा, आणि कारण खोटं देऊ नका. ‘गच्चीवर भूत आहे’ म्हणालात की रात्री अकराला भुताची तपासणी करायला चौघं निघतील. सुरक्षेच्या नियमांवर चर्चा होईल, पण आधी पाळून मग.

*तुमची चूक काढणं.* काढतील, आणि बहुतेकदा बरोबर असतील. ‘मला माहीत नाही, संध्याकाळपर्यंत शोधून सांगतो’ म्हणा आणि संध्याकाळी खरंच सांगा. न विसरणं महत्त्वाचं, कारण ती मुलं विसरत नाहीत. गोल-गोल उत्तर देणाऱ्या दादाचा शब्द पुढे कूलरच्या बाबतीतही ऐकला जात नाही.

*एका मुलात दोन गोष्टी.* गणितात अफाट पण वाचताना अक्षरं उलटणारं, किंवा ग्रहांवर तासभर बोलणारं पण भोजनगृहातल्या स्टीलच्या ताटांच्या आवाजाने कान झाकणारं मूल भेटेल. ‘एवढं येतं, मग हे मुद्दाम करतोस’ हा निष्कर्ष चुकीचा. त्याला गर्दीआधी दहा मिनिटं जेवायला बसवा, सूचना तोंडी दिल्यावर लिहूनही द्या. निदान करणं तुमचं काम नाही. काय दिसलं ते वहीत लिहून प्रमुखांना द्या. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर त्याला एकटं सोडू नका, प्रमुखांना लगेच बोलवा. टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास असते.

९. मोकळा तास

मोकळ्या तासाला व्याख्यान दिलंत तर तुम्हीही सर होऊन बसाल. चिंचोके काढा. २१ चिंचोक्यांची रास, दोघं खेळणार, पाळीला १, २ किंवा ३ उचलायचे, शेवटचा उचलणारा जिंकला. पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी शोधतं की समोरच्यासाठी चाराच्या पटीत ठेवायचे, म्हणजे पहिल्याने एक उचलून २० ठेवायचे. उत्तर आलं की खेळ संपवू नका. ‘शेवटचा उचलणारा हरला तर?’ ‘दोन राशी असल्या तर?’ ‘तुमचा नियम तुम्हीच करा’ असं विचारलं की तास कधी संपला कळत नाही. पण दगड-कागद-कात्री, लगोरी आणि निव्वळ हुंदडणं हेही रोज हवंच. ती मुलंच आहेत.

शिबिर २६ मेच्या आसपास असेल तर शून्य सावलीचा दिवस सोडू नका. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्या दिवशी दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एक मीटरचा सरळ पाइप ओळंब्याने उभा करा, १२ ते १२:१५ एवढंच बाहेर, दुपट्टे डोक्याला, बाकीचा वेळ व्हरांड्यात. त्याच वेळी चंद्रपूरला कुणाच्या तरी घरच्यांना तसाच पाइप लावायला सांगा. तिथे जेमतेम २ सेंटिमीटर सावली पडते, आणि तीही दक्षिणेकडे. सावलीवरून निघणारा कोन आणि दोन गावांतलं अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढायचा प्रयत्न करू द्या. उत्तर बरंच चुकेल. दोन सेंटिमीटर मोजताना दोन मिलिमीटरची चूक किती महागात पडते, यावरची चर्चा उत्तरापेक्षा मोलाची होते.

१०. बाहेर नेताना

सहल सकाळी आठच्या आत संपणारी किंवा पूर्ण आतली, तिसरा प्रकार मेमध्ये नाही. आतल्यांत गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र आणि तिथलं तारांगण, आणि १८६३ पासूनचं अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. सुटीचा दिवस आणि गटाचं बुकिंग आधी फोनवर पक्कं करा. पहाटेच्या सहलीला काटोल रोडवरच्या जुनापाणीची महापाषाणयुगीन शिलावर्तुळं उत्तम. वर्तुळाचा व्यास मोजा, दगड मोजा, नकाशा काढा, आणि ऊन चढायच्या आत परत. दगड उचलायचे नाहीत, हे बसमध्येच सांगा.

मोजणी चढताना, उतरताना आणि मधे एकदा. ‘सगळे आले ना?’ ही मोजणी नव्हे. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि मुलांनी तो ओरडून म्हणायचा. बसमध्ये एक ताई-दादा शेवटच्या सीटवर, एक दारात.

११. सुरक्षेचे न बदलणारे नियम

मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही. बोलायचं असेल तर सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये नाहीत, स्टेटसवर तर नाहीतच. शिबिर संपल्यावर मुलांशी खासगी संदेश नाहीत.

एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं, शिबिरातलं असो वा घरचं, तर शांतपणे ऐका, उलटतपासणी करू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याचेच शब्द वहीत लिहा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. प्रमुखांना सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. पुढे कळवलं गेलं का, ते विचारा, नसेल तर स्वतः कळवा. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस व आपत्कालीन मदत) हे दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. मुलाचं नाव मात्र इतर ताई-दादांतही फिरता कामा नये.

१२. पालक आणि शेवटचा दिवस

पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात तुमचा खासगी नंबर देऊ नका. सगळं समन्वयकाच्या नंबरवरून. शेवटच्या दिवशी हमखास विचारतील: ‘कितवा आला?’, ‘आयआयटीचं जमेल ना याला?’ भाकीत करू नका. त्याऐवजी वहीतलं एक दृश्य सांगा: ‘चिंचोक्यांच्या खेळात त्याने स्वतः नवा नियम काढला आणि तिघांना शिकवला.’ मग पालक पुढचा प्रश्न मुलालाच विचारतात.

मूल सोपवताना फॉर्मवर लिहिलेल्या व्यक्तीच्याच हाती, ओळखपत्र पाहून, सही घेऊन. ‘मी काका आहे’ एवढं पुरत नाही. मूल काकांच्या गळ्यात पडलं तरी आईला फोन लावा. उरलेली औषधं परत द्या. मग रिकाम्या खोल्यांतून एक फेरी मारा, कूलरचे प्लग काढा, टाक्या सांडून टाका, आणि पलंगाखाली वाका: एक चप्पल, दोन चष्म्याच्या पेट्या, कुणाची तरी गणिताची वही. वहीवर नाव बघून त्याच दिवशी समन्वयकाकडे द्या. या मुलांचा तिच्यासाठी रात्री नऊपर्यंत फोन येतो.